घंटा पडल्या तिथेच आहेत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फळ्याशेजारी नकाशा टांगल्याशिवाय इतिहासाचा तास सुरू करत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तीच शिस्त पाळून मी सुरुवात करते. उत्तर जर्मनीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बाल्टिक समुद्रापासून थोडं आत, ट्रावे नदीच्या काठी ल्युबेक हे शहर आहे. जुनं ल्युबेक म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं एक बेट. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. दक्षिण टोकाला बिशपचं कॅथीड्रल, उत्तरेला दर्यावर्दींचं सेंट याकोबचं चर्च, मधल्या उंचवट्यावर सेंट मेरी, उताराकडे सेंट पीटर, पूर्वेला सेंट एजिडियस. पाच चर्च आणि त्यांची मिळून सात शिखरं. समुद्राकडून येणाऱ्या खलाशाला गाव दिसण्याआधी ही शिखरं दिसत.

युरोपातल्या जुन्या शहरांवर बोलायचं म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांनी रोम किंवा प्रागची अपेक्षा केली असेल. ती शहरं थोर आहेतच. मी ल्युबेक निवडलं, कारण खरं जुनं काय, नंतर बांधलेलं काय, मोडलेलं काय आणि चक्क खोटं काय, हे चारही प्रश्न इथे एकाच चर्चमध्ये समोर येतात. आपण जुन्या गावात जातो, मान वर करून मनोरे पाहतो, फोटो काढतो आणि सगळंच ‘प्राचीन’ म्हणून खिशात टाकतो. माझा आग्रह असा, की प्रत्येक भिंतीला तीन गोष्टी विचाराव्यात: कुणाच्या पैशाने उभी राहिलीस, केव्हा पडलीस, आणि तुला पुन्हा उभं करायचं कुणी ठरवलं?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. 1159 मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश याने, ज्याला लोक ‘सिंह’ म्हणत, हे गाव नव्याने वसवलं. 1173 मध्ये त्यानेच बेटाच्या दक्षिण टोकाला कॅथीड्रलचा पाया घातला. म्हणजे धर्मसत्ता त्या टोकाला. पण गावाचा जीव होता बाजारपेठेत, मधल्या उंचवट्यावर. 1226 मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ल्युबेकला थेट साम्राज्याचं मुक्त शहर केलं. आता मध्ये कुणी सरदार नाही, गावाचा कारभार व्यापाऱ्यांच्या पंचसभेकडे. या व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकात आपल्या बाजाराला आणि नगरभवनाला लागून सेंट मेरीचं चर्च बांधायला घेतलं. काम चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. मधल्या दालनाचं छत साडेअडतीस मीटर उंच. विटांनी बांधलेलं याहून उंच कमानी छत जगात नाही असं मानतात. दोन मनोरे सुमारे सव्वाशे मीटरचे. बिशपचं चर्च गावाच्या कडेला आणि व्यापाऱ्यांचं त्याहून उंच चर्च गावाच्या मध्यावर! बिशप आणि पंचसभा यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या जे तंटे चालले, त्यांचा निकाल या उंचीतच वाचता येतो.

पैसा कुठून आला? मिठातून आणि मासळीतून. ख्रिस्ती युरोपात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासे चालत. आणि वर्षात असे दिवस पुष्कळ. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोनेच्या किनाऱ्यावर हेरिंग मासळी अमाप सापडायची. पण खारवल्याशिवाय ती टिकणार कशी? मीठ होतं ल्युबेकच्या दक्षिणेला लुनेबर्गमध्ये. ल्युबेक बरोबर मध्ये बसलेलं. आधी मीठ खडतर रस्त्याने बैलगाड्यांतून येई. 1398 मध्ये श्टेकनिट्स कालवा पुरा झाला आणि ते सपाट होड्यांतून येऊ लागलं. नदीकाठच्या मिठाच्या वखारी आजही उभ्या आहेत, त्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या. या व्यापाराच्या बळावर ल्युबेक हान्झा या व्यापारी नगरांच्या संघाचं प्रमुख शहर झालं. लंडन, बेर्गेन, नोवगोरोदपर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या. संघाची शेवटची सभा भरली तीही इथेच, 1669 मध्ये.

आणि वीट का? कारण या भागात बांधायला दगडच नाही. फ्रान्समध्ये गॉथिक चर्च चुनखडीच्या दगडात कोरलं जायचं. ल्युबेकच्या गवंड्यांनी तोच उंच, निमुळता आकार भाजलेल्या मातीत उभा केला. विटेत नाजूक नक्षी कोरता येत नाही. म्हणून त्यांनी साऱ्या बळानिशी उंची, प्रमाण आणि रंग यांवर भर दिला. लाल विटांच्या मधून काळ्या झिलईच्या विटांचे पट्टे घातले. ही रीत बाल्टिकच्या काठाकाठाने पसरली आणि सेंट मेरीच्या नमुन्यावर कितीतरी चर्च उभी राहिली. मला स्वतःला दगडी नक्षीपेक्षा ही साधी भिंत अधिक भावते, कारण तिच्यात प्रत्येक वीट हाताच्या मापाची दिसते आणि त्या हजारो हातांचा हिशेब लागतो.

हिशेबावरून आठवलं. 1668 पासून 1707 पर्यंत या चर्चचा ऑर्गनवादक होता डीट्रिश बुक्स्टेहुड. त्याच्याकडे दुसरंही काम होतं, चर्चच्या जमाखर्चाचं आणि कारभाराचं. सकाळी वह्या, मग ऑर्गन. नाताळच्या आधीच्या काही रविवारी तो चर्चमध्ये संध्याकाळच्या मैफली करी आणि त्यांचा खर्च गावातले व्यापारी उचलत. या मैफलींची कीर्ती इतकी, की 1705 मध्ये आर्नश्टाट गावचा वीस वर्षांचा एक ऑर्गनवादक चार आठवड्यांची रजा घेऊन चारशे किलोमीटर चालत इथे आला. चार आठवड्यांचे चार महिने झाले आणि परत गेल्यावर मालकांनी त्याची खरडपट्टी काढली. त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख. बुक्स्टेहुडच्या जागेवर येणाऱ्याने त्याच्या मुलीशी लग्न करावं अशी अपेक्षा होती. दोन वर्षं आधी हँडेल येऊन गेला होता, तोही त्या अटीला राजी झाला नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मिठा-मासळीच्या नफ्यातून चालणाऱ्या एका संध्याकाळच्या मैफलीत बाख बसून होता. चर्चचं संगीत आणि बाजार यांच्यात आपण जी भिंत कल्पितो, ती त्या गावाला ठाऊकच नव्हती.

चर्चमधून बाहेर पडून गल्ल्यांत शिरू. मोठ्या रस्त्यावर त्रिकोणी दर्शनी भिंतींची व्यापाऱ्यांची घरं. जागा अरुंद पण खोल. गाव वाढलं, बेट वाढेना. तेव्हा मालकांनी घरांच्या मागल्या परसात मजूर, हमाल, खलाशी यांच्यासाठी छोट्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. तिथे जायचं तर पुढच्या घराच्या पोटातून, कमानीखालून, वाकून. गिरगावातल्या एखाद्या वाडीत रस्त्यावरून अचानक शिरावं तसं इथे होतं: बाहेर रहदारी, चार पावलं आत आलं की वाळत घातलेले कपडे आणि दारातले गुलाब. यांना तिथे ‘गँग’ म्हणतात. आज नव्वदेक शिल्लक आहेत. गावात असं सांगतात, की गँगचं तोंड निदान शवपेटी बाहेर काढता येईल इतकं तरी रुंद असावं, असा नियम होता. अशा गल्लीत मी खांदे चोरून चालले, तेव्हा त्या नियमावर माझा विश्वास बसला.

याच गल्ल्यांशेजारी दानातून उभी राहिलेली आवारंही आहेत. फ्युख्टिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून 1639 मध्ये एक आवार बांधलं गेलं, व्यापारी आणि नावाड्यांच्या विधवांसाठी. याहून जुनं आहे 1286 मध्ये पुरं झालेलं ‘पवित्र आत्म्याचं इस्पितळ’. म्हाताऱ्या आणि आजारी गरिबांना इथे आसरा मिळे. लांबच लांब दालनात 1820 साली लाकडी खोल्या केल्या, जेमतेम चार चौरस मीटरच्या. एक पलंग, एक कपाट, दारावर आकडा. 1970 पर्यंत लोक तिथे राहत होते. युरोपातल्या सर्वांत जुन्या समाजसेवी संस्थांपैकी ही एक, असं मार्गदर्शक अभिमानाने सांगतात. मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि ज्या आजींचं सगळं आयुष्य त्या कपाटात मावलं असेल त्यांचा विचार करत राहिले. दान मोठं होतं. खोली फार लहान होती. दोन्ही खरं आहे.

सेंट याकोबच्या चर्चमध्ये एक मोडकी जीवनरक्षक होडी ठेवली आहे. ‘पामीर’ नावाच्या शिडाच्या जहाजाची. 1957 च्या सप्टेंबरात ते अटलांटिकमध्ये वादळात बुडालं. 86 पैकी 80 जण गेले, त्यांत शिकाऊ मुलं पुष्कळ. होडीच्या फळ्या फाटलेल्या आहेत, रंग उडालेला आहे. त्या दुरुस्त केलेल्या नाहीत. हे लक्षात ठेवा, मी याच मुद्द्याकडे येते आहे.

पण त्याआधी एका मताची गोष्ट. पश्चिमेकडून गावात येताना होल्स्टन दरवाजा लागतो. 1464 ते 1478 दरम्यान बांधलेला, दोन जाडजूड बुरुजांचा. शत्रूच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड, गावाकडची त्या मानाने अगदी पातळ. जमीन दलदलीची असल्यामुळे तो बांधतानाच खचू लागला. बुरुज आत झुकलेले दिसतात आणि खालच्या जंग्या आज जमिनीत गेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, तेव्हा हे धूड कशाला, पाडून टाका, अशी मागणी झाली. 1863 मध्ये नगरसभेत मतदान झालं आणि दरवाजा एका मताने वाचला. एका मताने! पुढे हाच दरवाजा जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर छापला गेला. जुनं गाव आपोआप टिकत नाही, दरवेळी कुणीतरी हात वर करावा लागतो, हे मी विद्यार्थ्यांना या दरवाजावरून सांगते.

आता 1942. 28 मार्चची रात्र, झावळ्यांच्या रविवारची पूर्वरात्र. ब्रिटिश हवाई दलाची 234 विमानं ल्युबेकवर आली. ल्युबेक हे काही लष्करी दृष्ट्या फार मोठं ठाणं नव्हतं. पण गाव दाट, लाकडी छपरांचं, चटकन पेटणारं. नेमकं तेच कारण ते निवडण्यामागे होतं. तीनशेवर माणसं मेली आणि जुन्या गावाचा सुमारे पाचवा हिस्सा जळाला. सेंट मेरी, सेंट पीटर, कॅथीड्रल तिन्ही पेटली. याआधी 1940 मध्ये जर्मन विमानांनी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री असंच जाळलं होतं. अमेरिकेत निर्वासित असलेले कादंबरीकार थॉमस मान यांनी बीबीसीवरून जर्मन श्रोत्यांशी आपल्या जन्मगावाच्या या नाशाबद्दल बोलताना कॉव्हेंट्रीची आठवण करून दिली. स्वतःच्या गावाची राख झाली असताना हे बोलायला छाती लागते.

गावात राहून बोलणारेही होते. कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक हे ल्युथरन धर्मोपदेशक. एके काळी ते स्वतः नाझी पक्षात होते, मग डोळे उघडले. त्या रात्रीनंतर प्रवचनात ते म्हणाले, की या आगीतून देव बोलला आहे. काही दिवसांत त्यांना अटक झाली. त्यांच्यापाठोपाठ तीन कॅथलिक धर्मगुरूंनाही, प्रासेक, लांगे आणि म्युलर यांना. 10 नोव्हेंबर 1943 रोजी हॅम्बर्गच्या तुरुंगात चौघांचा एकामागून एक शिरच्छेद झाला. ज्या दोन पंथांनी शतकानुशतकं एकमेकांशी वैर केलं, त्यांचे चार पुजारी एका तासात गेले.

आणि सेंट मेरीत त्या रात्री काय झालं? आग दक्षिण मनोऱ्यात चढली, घंटा टांगलेल्या तुळया जळाल्या. सर्वांत मोठी घंटा 1668 ची, सुमारे सात टनांची. दुसरी 1508 ची. दोन्ही खाली फरशीवर कोसळल्या आणि फुटल्या. आज तुम्ही मनोऱ्याच्या तळाशी जाता तेव्हा लोखंडी जाळीमागे त्या तशाच पडलेल्या दिसतात. कडेने उकलून वाकलेलं काशाचं जाड पान, फुटकी किनार, खाली दबलेली फरशी. युद्ध संपलं, छत पुन्हा बांधलं, शिखरं पुन्हा चढली. या घंटा मात्र हलवायच्या नाहीत, वितळवून नव्या ओतायच्या नाहीत, असं गावाने ठरवलं. शेजारी कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. युद्धकाळात चर्चच्या हजारो घंटा धातूसाठी उतरवून हॅम्बर्गला नेल्या होत्या. त्यांतल्या डान्झिगच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या, काही घंटा न वितळता उरल्या आणि त्या सेंट मेरीच्या मनोऱ्यात टांगल्या गेल्या. डान्झिगमधून हाकलली गेलेली कितीतरी कुटुंबं तोवर ल्युबेकलाच येऊन राहिली होती.

पण त्याच चर्चमध्ये, त्याच वर्षांत, दुसरीही गोष्ट घडली. आगीच्या झळीने भिंतींवरचा चुन्याचा गिलावा सुटला आणि खाली मध्ययुगीन चित्रांच्या खुणा दिसल्या. केवढा तो आनंद! सर्वस्व गेल्यावर राखेतून सातशे वर्षांपूर्वीचे संत बाहेर आलेले. जीर्णोद्धाराचं काम डीट्रिश फाय या तज्ज्ञाला दिलं, आणि प्रत्यक्ष परांचीवर चढून रंग भरत होता लोथार माल्स्काट. वेदीकडच्या भागात मूळ चित्रांचं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. माल्स्काटने भिंत पांढरी केली आणि स्वतःच्या मनाने संत रंगवले. चेहरे कुणाचे? ओळखीच्यांचे, नटीचे. 1951 मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षाचा सोहळा झाला, चॅन्सेलर आडेनाउअर आले, टपाल खात्याने त्या चित्रांची तिकिटं काढली. कलेच्या जाणकारांनी कौतुक केलं.

पुढच्याच वर्षी माल्स्काटने सांगून टाकलं, की हे सगळं माझं काम आहे. कुणी विश्वास ठेवेना. शेवटी त्याच्या वकिलाने त्याच्याविरुद्ध फिर्याद केली, तेव्हा कुठे चौकशी झाली. पुरावा म्हणून त्याने आपल्याच एका जुन्या कामाकडे बोट दाखवलं: श्लेस्विगच्या कॅथीड्रलमध्ये मध्ययुगीन म्हणून गाजलेल्या त्याच्या चित्रात टर्की पक्षी होता. टर्की तर अमेरिकेतला, कोलंबसानंतर युरोपात आलेला! आणि काही विद्वानांनी त्याआधी त्या पक्ष्यावरून असा सिद्धांत मांडला होता, की व्हायकिंग लोकांनी टर्की कोलंबसाच्या फार आधी आणले असावेत. 1955 मध्ये फाय आणि माल्स्काट दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. वेदीकडची खोटी चित्रं पुसून भिंत पांढरी केली. मधल्या दालनात मूळ रेषा होत्या. तिथली चित्रं ठेवली आहेत, पण त्यांत कुणाचा हात किती याबद्दल आता सावधपणे बोलतात.

माल्स्काट हा प्रश्न मला सोडत नाही. दुःखात असलेल्या गावाला काहीतरी अखंड हवं होतं. ते मिळालं म्हणताच जाणत्यांनीही डोळे झाकले. फसवणारा एक होता, पण फसायला सारं गाव उत्सुक होतं, आणि त्यांच्यावर रागावणं मला जमत नाही. तरीही त्या पांढऱ्या भिंतीसमोर मी अधिक वेळ थांबते. तिच्यावर काही नाही, आणि ते ‘नाही’ खरं आहे.

अस्सल गोष्ट पुष्कळदा दुसरीकडे सापडते. सेंट मेरीच्या एका कक्षात 1463 मध्ये चित्रकार बेर्न्ट नोट्के याने ‘मृत्यूचं नृत्य’ रंगवलं होतं: पोप, सम्राट, व्यापारी, पाळण्यातलं बाळ, सगळ्यांचे हात धरून नाचणारे सांगाडे, आणि पाठीमागे याच गावाची शिखरं. 1701 मध्ये जीर्ण झाल्यामुळे त्याची नक्कल करून लावली. ती 1942 मध्ये जळाली. पण नोट्केच्या अशाच चित्राचा एक तुकडा एस्टोनियातल्या टाल्लिनमध्ये, सेंट निकोलसच्या चर्चमध्ये आहे. ल्युबेकमध्ये त्या जागी युद्धानंतर आल्फ्रेड माल्हाउ यांनी रंगीत काचेच्या खिडक्या केल्या. जुन्याचं सोंग न घेता, त्या काळच्या काचेत, त्या काळच्या रेषेत.

आता मी जिथे थांबणार आहे ती जागा चर्चच्या दाराबाहेरच आहे. सेंट मेरीपासून नदीकडे उतरणारा भाग हे गावाचं सर्वांत जुनं व्यापारी वस्तीचं ठिकाण. 1942 मध्ये तो भाग भुईसपाट झाला, आणि पन्नासच्या दशकात तिथे शाळांच्या मोठ्या इमारती बांधल्या गेल्या, रस्ते रुंद केले. 1987 मध्ये जुनं ल्युबेक युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, पण या भागाचा चेहरा तसाच परका राहिला. मग त्या इमारती पाडल्या. पुरातत्त्वज्ञांनी जमीन खणली, तेव्हा शतकानुशतकांच्या विटांच्या तळघरांचे आणि लाकडी घरांचे अवशेष निघाले. ते नोंदून झाल्यावर गावाने असं ठरवलं, की जुन्या अरुंद प्लॉटांच्याच मापाने जमीन विकायची, घर खोल आणि त्रिकोणी दर्शनी भिंतीचं असावं, पण हुबेहूब जुन्याची नक्कल करण्याची सक्ती नाही. आज तिथे नवी घरं उभी आहेत. काही भिंती गुळगुळीत आहेत, काहींत वीट आहे, काहींच्या खिडक्या अगदी आजच्या.

यावर वाद होणं स्वाभाविक आहे. काही जण म्हणतात, हे नाटकी आहे. काही म्हणतात, हुबेहूब बांधायलाच हवं होतं. माझा कौल या गावकऱ्यांच्या बाजूने आहे. प्लॉटाची रुंदी मध्ययुगातली ठेवली, कारण ती जमिनीत खरोखरच सापडली. भिंतीवर मात्र आजचा सन घातला. तुम्ही कधी हॅम्बर्गपर्यंत गेलात तर आगगाडीने ल्युबेक तासाभराच्या आत आहे. होल्स्टन दरवाजा आणि मार्झिपान मिठाईची दुकानं पाहून लगेच परतू नका. घंटांपाशी थांबा, मग दाराबाहेर पडून या नव्या रस्त्याने नदीपर्यंत उतरा आणि कोणती भिंत केव्हाची, हे स्वतः ठरवायचा प्रयत्न करा. प्रश्नोत्तरांत कुणी टाल्लिनच्या त्या चित्राबद्दल विचारलं, तर त्याची छायाचित्रं मी बरोबर आणली आहेत.